चिनी भूगोलातली मोकळी जागा

नूरे,

काल शमीमनं तुझी फळी पुसायला काढली. फडकं हातात घेऊन फळीसमोर उभी राहून मला म्हणाली, "इंदूमावशी, ह्ये चिनी अंक रद्दीत घालू का? अम्मीनी कुणाला हात लावू दिला न्हाई, पन आता..." मी म्हणाले, "रद्दीच्याच दुकानात हायेत की गं. आजून कुठल्या रद्दीत घालतीस?" ती हसली. तू गेल्यापासून तुझी सून पहिल्यांदा हसली. तेवढ्यापुरता तरी तुझा चिनी भूगोल कामाला आला म्हणायचा.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. लोक येतात, बसतात, तू किती गुणाची होतीस ते सांगतात. मी कोपऱ्यात बसून ऐकते. गुणाची होतीस, नाही कोण म्हणतंय? पण हट्टी होतीस. डॉक्टरनं बंद केलेली साखर पदराआड चहात घालायचीस. वादात कधी हार मानली नाहीस. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची. तेवढी पुरते का बघू.

ज्यांना आपण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिरूरला घोड नदीच्या अंगाला तुझं रद्दीचं दुकान आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपलं कागदी पिशव्यांचं काम. तू कागद निवडायचीस, मी कापायचे, बाकीच्या बाया खळ लावून चिकटवायच्या. खळ तू स्वतः शिजवायचीस, दुसऱ्या कुणाला त्या पातेल्याजवळ फिरकू द्यायची नाहीस. पिशव्या वाळल्या की गठ्ठे बांधून मी एसटीनं दौंडला जायचे. तिथले किराणावाले, पेढेवाले आणि स्टेशनबाहेरचे फुटाणेवाले आपले गिऱ्हाईक.

मी त्या शेडमध्ये आले ती नवरा गेल्यावर. महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. तू आलीस, दारात चपला काढल्यास, माझ्याजवळ बसलीस. मला वाटलं, आता ही पण गळा काढणार. तू पिशवीतून कात्री काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "रडायचं तर रड. पन हात चालू ठेव." त्या दिवशी मला तुझा राग आला होता. पुढं कधी आला नाही असं म्हणणार नाही, रोजच यायचा. पण कात्री मी परत दिली नाही. अजून माझ्याकडेच आहे.

आता त्या गठ्ठ्याचं.

कागदाच्या कारखान्याकडे परदेशची रद्दी घेऊन जाणारे ट्रक त्या काळी रस्त्यानं खूप असायचे. त्यातला एक ट्रकवाला तुझ्या ओळखीचा होता, तो मधेच एखादा गठ्ठा आपल्याकडं उतरवायचा. तसा एकदा एक भला मोठा गठ्ठा उतरला. आत जाड पुठ्ठ्यात बांधलेले अंक, आणि काही सुटे, झुळझुळीत कव्हरांचे. तुझा नियम ठरलेला. पुठ्ठा, कव्हर आणि पिना आधी वेगळ्या. पुठ्ठ्याला भाव निराळा, आणि पीन राहिली तर ती कुणाच्या फुटाण्यात जायची. बाया बसल्या, दुपारपर्यंत सगळं सोलून झालं. पुठ्ठे आणि कव्हरं संध्याकाळच्या टेम्पोनं गेली. वर काय छापलंय ते कुणी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कापायला घेतलं आणि हात थांबला. डोंगर होता. नुसता डोंगर नव्हे, पायऱ्या पायऱ्यांची भाताची खाचरं, वरपासून खालपर्यंत पाण्यानं भरलेली. पुढच्या पानावर नकाशा. नकाशा मला कळतो. तिसरीत आम्हाला पुणे जिल्ह्याचा भूगोल होता. भीमा कुठं, घोड कुठं, कुठं मिळतात, बोट ठेवून दाखवायला लागायचं. अक्षरं मात्र चिनी, मुलांच्या खेळण्यांच्या खोक्यावर असतात तसली. मी म्हणाले, "नूरे, ह्यो भूगोल हाय. चीनचा."

"तुला वाचता येतंय व्हय?"

"वाचाया कशाला पायजे? नदी ती नदी."

मग तू सगळ्यांचीच पानं चाळायला लागलीस. काम अडलं. त्यात मिठाचं तळं होतं, वाळूत उंटांची रांग होती, दोरीच्या पुलावरून ओझं घेऊन जाणाऱ्या बाया होत्या. आणि एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली. सगळे अंक एकाच मासिकाचे, पण एकसारखे नव्हते. काही बारीक, राखी कागदाचे, रेघांनी काढलेल्या चित्रांचे. काही जाडजूड, गुळगुळीत, पानभर रंगीत फोटो. प्रत्येक पानाच्या पायथ्याशी मासिकाचं नाव असायचं. बारक्यांत ते चार अक्षरांचं, जाड्यांत सहा अक्षरांचं.

आधी कुठले आणि नंतरचे कुठले, ते सांगणारी कव्हरं आपण आदल्या दिवशीच टेम्पोत घातली होती.

मी म्हणाले, "जाड ते जुनं. पूर्वी समदं दणकट असायचं. लुगडं घे, तांब्या घे, दुधावरची साय घे. आता समदं पातळ झालंय. ह्यांचं बी तसंच. आधी ऐपत व्हती तवा रंगीत काढलं. मग परवडंना, तवा ह्यो राखी कागूद."

तू म्हणालीस, "उलटं हाय. पोर जन्मतं तवा बारीक असतंय का जाड?"

"माझा थोरला जन्मला तवा जाड व्हता."

"त्यो अजून बी जाड हाय, त्याचं सोड."

बाया हसल्या. मी नावावर आले. म्हणाले, नाव वापरून वापरून आखूड होतं. आधी सहा अक्षरं असणार, मग चार उरली. मला इंदुमती म्हणून आता कोण हाक मारतंय? तू म्हणालीस, "माणसाला मान मिळाला की नाव लांबतंय. मी आधी नूरा व्हते. मग नूरबी झाले. आता समदी नूरचाची म्हंत्यात. म्हंजी सहा अक्षरांचं नाव नवं." तुझं बरोबर होतं हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आताही करत नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं, तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस.

मग तू माझाच नकाशा माझ्यावर उलटवलास. नदीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणालीस, "तूच शिकिवलंस न्हवं? उगमाला रेघ बारीक, पुढं जाड. निघताना कोन जाड निघतंय का?"

"चल बाहीर," मी म्हणाले, "आपली घोड दाखिवते. उन्हाळ्यात पुढं पुढं नुसती वाळू. कुठं जाड हाय, दाखीव."

"वाळू उकर. खाली पानी लागतंय."

हा वाद गमतीचा होता तोपर्यंत ठीक होतं. पण त्याच दिवसांत दौंडला झिरझिरीत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. दुकानदारानं नुसतं ओढून फाडावं आणि द्यावं, इतक्या स्वस्त. एकेक गिऱ्हाईक सुटायला लागलं. तुझ्या पोराला, रफीकला, ती शेड प्लास्टिकच्या भंगारासाठी हवी होती. त्याचं चूक नव्हतं, त्याला पोटं भरायची होती. मी पण त्याच्याच बाजूनं बोलले. म्हणाले, "नूरे, हे काम सरलं. उगं रेटू नको. शेड पोराला दे." शेडमधल्या बायांना मग ऊसतोडीला नाहीतर कांदा काढायला जायला लागणार होतं, हे मला कळत होतं. पण विकली न जाणारी पिशवी चिकटवून तरी कुणाचं पोट भरतं?

तू ऐकून घेतलंस आणि एकदम म्हणालीस, "पैज लावू. चिनी भूगोल वाढत गेला असंल तर शेड चालू ठिवायची. घटत गेला असंल तर रफीकला देऊन टाकायची."

"आन् सांगनार कोन? चीनला जाऊन इचारनार व्हय?"

"कळंल तवा कळंल. तवर चालू."

सगळ्या शेडसमोर हो म्हणून बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की कधीच न कळणाऱ्या गोष्टीवर तू पैज लावली होतीस. अशी होतीस तू. लोक तुला भोळी म्हणतात, त्यांचं मला हसू येतं.

तरी पैजेनं दुकानं चालत नाहीत. एक दिवस मी दौंडहून भरलेले गठ्ठे तसेच परत आणले. एसटीत ते शेजारच्या सीटवर ठेवले होते, कंडक्टर म्हणाला, "मावशी, आज ह्यांचं बी तिकीट काढू का?" मी हसले नाही. शेडमध्ये येऊन गठ्ठे खाली ठेवले. तू खळीचं पातेलं घासलंस, पुसलंस आणि पालथं घातलंस. बाया दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. रफीकचं भंगार शेडमध्ये आलं.

चिनी अंक तेवढे तू उचललेस. कापायचे राहिले होते ते सगळे दुकानातल्या फळीवर लावलेस, डावीकडं बारीक, उजवीकडं जाड. मी येता-जाता दोन-चार अंक उलटे फिरवून ठेवायचे. तू परत जागेवर ठेवायचीस. असं किती दिवस चाललं कोण जाणे. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आहे? तू म्हणायचीस, "चालू खटला हाय."

मग तो चिनी फिटर आला.

रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चीनहून मशीन आलं होतं. ते बसवायला तिथलाच माणूस आलेला, शिरूरला लॉजवर उतरलेला. मशीनची खोकी भंगारात घालायला स्टोअरकीपर कदम तुझ्याकडं आला, आणि हा त्याच्याबरोबर गंमत म्हणून आला. पन्नाशीचा असेल. शर्ट इस्त्रीचा, पायात आपल्याकडच्या बाजारातल्या चपला. कदम वजनकाट्याशी घासाघीस करत होता आणि हा फळीसमोर जाऊन उभा राहिला. हात लावायच्या आधी त्यानं तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस.

त्यानं एक बारका अंक काढला, उघडला आणि मोठ्यानं हसला. मग गुडघ्याएवढा हात करून दाखवला. कदमनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून सांगितलं, "म्हणतोय, एवढा होता तवा ह्याचा बाप ह्यो अंक घरी आनायचा."

मी तिथंच होते. मला तेव्हाच कळलं की माझं काही खरं नाही. तू माझ्याकडं बघितलंस, पण दात काढले नाहीस. म्हणालीस, "कदमदादा, ह्यांना म्हनावं नीट लावून द्या. आधी कुठलं, मागनं कुठलं. आमचा खटला हाय."

त्यानं सगळे अंक खाली फरशीवर उतरवले. उकिडवा बसला आणि लावायला लागला, कडबा रचावा तसा मन लावून. एका टोकाला बारके, राखी. तुझी मान ताठ होत चालली. मग एकाएकी तो थांबला. पुढचा अंक हातात घेऊन दोन हात पुढं सरकला आणि तिथनं परत सुरुवात केली. पुन्हा बारकेच. मग हळूहळू जाड. मग गुळगुळीत, सहा अक्षरांचे. मधली फरशी रिकामी राहिली.

"हितं काय राह्यलं?" तू विचारलंस.

फिटरनं दोन्ही हातांची फुली केली. कदमनं विचारलं, ऐकलं आणि म्हणाला, "मधी बंद व्हतं म्हणं. देशात लई गडबड झाली, तवा काय वर्सं मासिक निघालंच न्हाई."

"मग?"

"मग परत निघालं."

"कुनी काढलं?"

कदमला हा प्रश्न विचित्र वाटला, पण त्यानं विचारला. फिटर मग काहीतरी म्हणाला, आणि कदम म्हणाला, "त्याला नक्की ठाऊक न्हाई. पन म्हणतोय, आधीच्यांतली जी राह्यली व्हती, त्यांनीच काढलं असंल. दुसऱ्या कुनाला येतंय?"

नाव का बदललं तेही त्यानं सांगितलं. आधीचं साधं, शाळेच्या पुस्तकासारखं नाव होतं. पुढं लोक घेईनासे झाल्यावर त्यांनी कागद बदलला, फोटो मोठे केले, नावाला देशाचं नाव जोडलं. मग खूप खपायला लागलं, आणि मासिक जाड झालं. म्हणजे खपेना तेव्हा त्यांनी पातेलं पालथं घातलं नाही. हे मी मनात म्हणाले. तूही तेच म्हणत असणार, कारण तू शेडकडं बघत होतीस.

तुला त्याला चहा पाजायचा होता. त्यानं साखर नको म्हटलं, तर तुला वाईट वाटलं. जाताना त्याला एक अंक देऊ केलास, तोच, त्याच्या बापाचा. त्यानं घेतला आणि दोन्ही हात जोडले, आपल्यासारखे. कुणी शिकवलं असेल कोण जाणे.

ते गेल्यावर आपण दोघी फरशीवरच्या त्या रांगेसमोर बसलो. मला वाटलं आता तू पैज जिंकले म्हणशील. तू रिकाम्या फरशीवर तळवा ठेवलास आणि म्हणालीस, "बघ इंदे. आपुन हितं हाय."

"मोकळी जागा म्हंजी मोकळी जागा," मी म्हणाले. "तिथं काय बी नसतंय."

"जागा तर हाय की."

त्याच क्रमानं तू अंक फळीवर लावलेस, मधली जागा राखून. त्या जागेत कुणाला काही ठेवू द्यायची नाहीस. रफीकनं एकदा मोबाइल ठेवला, तर ओरडलीस. मी मुद्दाम चहाचा कप ठेवला, तर हातावर फटका मारलास. लोकांना वाटायचं म्हातारीचं काहीतरी फिरलंय. मी पण तसंच म्हणायचे, तुझ्या तोंडावर.

तुझं दुखणं वाढलं, पुण्याच्या दवाखान्यातून परत आणलं, तेव्हा मी रोज दुपारी येऊन बसायचे. आपण काही फार शहाण्यासारखं बोललो नाही. भेंडी महाग झाली, अमक्याची सून माहेरी गेली, असंच. एकदा तू डोळे मिटूनच विचारलंस, "पैज कोन जिकलं गं?"

मी म्हणाले, "कुनीच न्हाई. मधल्या भोकाचं तू बी बोलली न्हवतीस आन् मी बी न्हवते."

"म्हंजी खटला चालूच."

"झोप आता."

हेच शेवटचं नीट बोलणं. आणखी काही म्हणायला हवं होतं असं लोक सांगतात. माणूस जाताना दोन गोड शब्द बोलावेत. मी बोलले असते तर तू म्हणाली असतीस, हिला काय झालं? कात्री दिलीस त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. ते इथं म्हणते. बरं केलंस.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. सरकारनं त्या झिरझिरीत पिशव्यांवर बंदी घातली, हे तू ऐकलं होतंस. तेव्हा मी म्हणाले होते, सरकार लई बोलतंय. पण तू गेल्यावर दौंडच्या पेढेवाल्यानं कंडक्टरच्या हाती निरोप धाडला. पिशव्या आहेत का? दंड बसतो म्हणून दुकानदार घाबरले आहेत. तो निरोप मी काही दिवस कुणाला सांगितला नाही. तू नाहीस, मग कशाला, असं वाटलं. शिवाय म्हातारपणी नवी उठाठेव कोण करतो?

पण काल शमीम फडकं घेऊन फळीसमोर उभी राहिली, आणि अंक टाकू का म्हणाली. मी तिला खाली बसवलं आणि तुझा सगळा चिनी भूगोल सांगितला. बारका कुठला, जाडा कुठला, फिटर कसा हसला, सगळं. ती त्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाली, "मग हितं परत कधी चालू झालं?"

मी उठले, शेडमध्ये गेले आणि भंगाराखालनं तुझं पातेलं काढलं. पालथंच होतं. आत कोळ्यानं जाळं केलं होतं, बाकी ठणठणीत. शमीमला म्हणाले, "घास."

रफीकला निरोप सांगितला. तो आधी डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "मावशी, निम्मी शेड देतो. निम्मी मला लागंल." निम्मी तर निम्मी. जुन्यांतल्या दोघी बाया येतो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, गुडघे गेलेत, पण चिकटवायला गुडघे लागत नाहीत.

खळ शमीमनं शिजवली. गुठळ्या झाल्या. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. मी पण मुरडलं, तुझ्या वतीनं. दुसऱ्यांदा ढवळली तेव्हा जमली. तुझी एक रीत तिनं न सांगता पाळली: पिशवीतलं लोक खातात, म्हणून खळीला कीड लागू नये म्हणून घालतात तो विषारी मोरचूद घातला नाही.

सोमवारी पहिला गठ्ठा घेऊन दौंडला जाते. विकलं गेलं तर सांगीन. नाही गेलं तरी सांगीन, तेव्हा तू म्हणशीलच की खटला चालू.

पातेलं ठेवायला शेडमध्ये अजून जागा केलेली नाही. म्हणून तुझ्या फळीवर ठेवलं, मधल्या मोकळ्या जागेत. बरोबर मावलं. गरम होतं, फळीला चटका बसू नये म्हणून खाली एक अंक घातला. जाड्यांतला. तुझ्या बारक्यांना हात लावला नाही.

तुझी,
इंदी